शाकाहारी घरातलं सू-वीड

आमच्याकडे सू-वीडचं मशीन आहे हे कळलं की लोक एकदम खूष होतात, मग काय स्टेक कसा होतो, सॅमन केलास का, आणि मी सांगते की अहो आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा केकपुरतंच, तर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग मशीन कशाला घेतलं? तर दही लावायला, मटकीला मोड आणायला, खोबरेल वितळवायला, मध पातळ करायला आणि लेकीचे फोटोचे रोल धुवायला. हे एका दमात ऐकलं की समोरचा माणूस हळूच विषय बदलतो. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितेय, इथे कोणी विषय बदलू शकत नाही.

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हातभर लांबीचा जाड दांडा असतो, तो भांड्याच्या कडेला क्लिपने अडकवायचा आणि खालचा भाग पाण्यात बुडवायचा. आत एक हीटिंग कॉइल, पाणी फिरवायला छोटासा पंखा, आणि एक सेन्सर. तुम्ही आकडा टाकायचा, ४३ म्हणा, की ते पाणी ४३ ला नेतं आणि तिथे धरून ठेवतं, तासभर म्हणा नाहीतर दोन दिवस म्हणा. बास. मांसवाले लोक प्लास्टिकच्या पिशवीतली हवा काढून त्यात मांस घालतात आणि ती पिशवी या पाण्यात सोडतात, म्हणजे ते सगळीकडून एकसारखं शिजतं, करपत नाही, वातड होत नाही. आमच्याकडचं मशीन हजार वॉटचं आहे. हिशोब केला तर दहा लिटर पाण्याला मिनिटाला दीडेक अंश चढवतं, म्हणजे नळाचं पाणी दह्याच्या तापमानाला यायला वीस-पंचवीस मिनिटं. गॅसवर याहून लवकर होतं. पण गॅसवर ते तिथे थांबत नाही ना, खरी गोम तिथेच आहे.

आणि हे यंत्र मूळचं किचनचं नाहीच. फ्रान्समध्ये १९७४ साली जॉर्ज प्रालू नावाच्या शेफने रोआनच्या त्र्वाग्रो रेस्टॉरंटसाठी फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं चरबीदार यकृत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाण्यात शिजवायची पद्धत बसवली, ती गोष्ट फूडवाले लोक नेहमी सांगतात. पण तापमान धरून ठेवणारी ही यंत्रं आधीपासून प्रयोगशाळांमध्ये होतीच, शेफ लोकांनी ती तिथून उचलली, आणि घरात ठेवण्याजोगी स्वस्त मॉडेलं आली ती २०१२ नंतर. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं, तेव्हा आमच्या लॅबच्या कोपऱ्यात वॉटर बाथ चोवीस तास घरघरत असायचा. पिण्याच्या पाण्यात विष्ठेतले जंतू, म्हणजे कोलिफॉर्म, आहेत का हे बघायच्या एका टेस्टमध्ये नळ्या ४४.५ अंशांवर ठेवाव्या लागतात आणि त्यात चूक चालते फक्त ०.२ अंशांची, कारण त्या तापमानाला आतड्यातले जंतू वाढतात आणि मातीतले बरेचसे मागे पडतात. अर्ध्या अंशाने गडबड झाली की रिपोर्ट गेला. अगार, म्हणजे जंतू वाढवायची जेली, उकळून पातळ केलं की तेही ४५ ते ५० अंशांच्या बाथमध्ये ठेवायचं, नाहीतर प्लेटमध्ये ओतायच्या आधीच फ्लास्कमध्ये जेली होऊन बसतं. तर हे मशीन पहिल्यांदा दुकानात बघितलं तेव्हा मला स्टेक वगैरे काही आठवला नाही, मला आमचा कोपऱ्यातला बाथच दिसला, फक्त बारीक झालेला आणि ब्लूटूथ लावलेला.

आता आम्ही राहतो रॉचेस्टरला, न्यूयॉर्क राज्यात, पण न्यूयॉर्क शहरापासून गाडीने पाच-सहा तास लांब, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी. सरोवरावरून वारा आला की बर्फ पडतो आणि तो वारा येतच असतो, सीझनला सरासरी अडीच मीटर. घरात थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइटला, म्हणजे २० अंश सेल्सिअस. माणसं स्वेटर घालून राहतात. विरजणाला स्वेटर घालून काही होत नाही.

इकडच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर नोव्हेंबर आला की दह्याचा विषय निघतोच निघतो. कोणी ओव्हनचा दिवा लावून आत भांडं ठेवतं, कोणी टॉवेलात गुंडाळून कणकेच्या डब्याशेजारी, कोणी हिटरच्या जाळीवर, आणि निम्म्या जणी सांगतात की इन्स्टंट पॉट, म्हणजे तो विजेवरचा कुकर, घे आणि मोकळी हो. ते सगळं चालतं. पण कधी चालतं आणि कधी सकाळी उठून बघावं तर दूधच, वर नुसता आंबूस वास.

आई इकडे आली होती तेव्हा मी तिच्यावर पाळत ठेवली, म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या. ती दूध उतू जाण्याच्या बेतात येईपर्यंत तापवते, मग गार करत ठेवते आणि मधेमधे करंगळी बुडवते, दहा मोजेपर्यंत बोट ठेवता आलं की विरजण. मी लगेच मागून थर्मामीटर बुडवायचे. प्रत्येक वेळी चाळिशीच्या जरा वर, ४१, ४३, ४२. ती म्हणाली, "अगं तुला काय पुरावे पाहिजेत का? एवढी वर्षं दही खाल्लंस ना?" खाल्लं की. तिचं बोट चुकत नाही, आणि दूध तसं कडकडीत तापवण्यालाही कारण आहे, ८०-८५ अंशांना दुधाच्या निवळीतली प्रथिनं उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, म्हणून दही घट्ट बसतं, निवळी कमी सुटते. सुरुवात आईचीच परफेक्ट. फक्त पुढचे सहा-आठ तास काय, ते तिने कधी बघितलंच नाही, कारण बघायची गरज नव्हती, ते काम पुण्याची हवा फुकटात करत होती. इथे ते काम कोणीच करत नाही. म्हणून मी ते मशीन लावते. प्लगला लावलेला दहा लिटरचा पुण्यातला एप्रिल, असं मी त्याच्याबद्दल सगळ्यांना सांगते.

पद्धत अशी. मोठं स्टीलचं पातेलं, त्यात पाणी, कडेला मशीन. काचेच्या बरण्यांत विरजण लावलेलं दूध, झाकणं नुसती टेकवलेली, आणि बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या दुधाएवढी. यापेक्षा कमी असेल तर वरचा थर गार राहतो, जास्त असेल तर बरण्या तरंगतात आणि एखादी कलंडते. पातेल्यावर फॉइल टाकायची, नाहीतर रात्रभरात वाफ होऊन पाणी उतरतं आणि मशीन बोंबलायला लागतं. काही लोक पिंगपाँगचे बॉल सोडतात पाण्यावर, ते पण मस्त चालतं, झाकणही होतं आणि बरणी काढायला हातही घालता येतो.

आकड्याची खरी मजा पुढे आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं ४३, आणि ४३ ला दही पाच-सहा तासांत लागतं, घट्ट लागतं, यात वाद नाही. पण तेच विरजण पुन्हा पुन्हा ४३ ला लावत गेलं की चव बदलत जाते, एक प्रकारचा दुकानातल्या योगर्टचा आंबटपणा येतो. आपलं घरचं विरजण म्हणजे जंतूंची मिश्र वस्ती, काहींना गरम आवडतं, काहींना तिशीच्या आसपासचं. सारखं ४३ केलं की गरमवाल्यांचं फावतं आणि बाकीचे हळूहळू हद्दपार. म्हणून मी ३६-३७ ला ठेवते, रात्री लावायचं आणि सकाळी सावकाश बघायचं. बरणी तिरकी केली की दही सगळं एकत्र सरकतं, कडेला बारीक चीर पडून तिथे पिवळसर हिरवट पाण्याची रेघ दिसते, आणि चमचा घातला की कवड्या निघतात. श्रीखंडाचा चक्का करायचा असेल तेव्हा मात्र सरळ ४३, कारण तेव्हा मला घट्टपणा हवा असतो, आणि साखर, वेलदोडा, केशर पडल्यावर विरजणातल्या बारकाव्यांचं कोणाला काय पडलंय.

मटकीचं काम त्याहून सोपं. इथल्या हिवाळ्यात मटकी भिजते चांगली पण मोड धरता धरत नाही, चार दिवस वाट बघा आणि शेवटी बुळबुळीत होऊन वास मारायला लागते. भिजवून उपसून फडक्यात बांधायची, पुरचुंडी स्टीलच्या डब्यात, झाकण अर्धवट, आणि डबा २८-३० अंशांच्या पाण्यात उभा. मटकीला पाणी लागू द्यायचं नाही, तिला फक्त हवा गरम पाहिजे. दुसऱ्या दिवशी फडक्यातून मोड बाहेर आलेले असतात. हेच इडलीच्या पिठाला, ३० ते ३२, फक्त डब्यात निम्मी जागा रिकामी सोडायची कारण पीठ फुगतं तेव्हा ते कोणाचं ऐकत नाही.

खोबरेलाबद्दल जास्त काय सांगायचं, २४ अंशांच्या खाली ते गोठतं, म्हणजे आमच्या घरात ते ऑक्टोबर ते मे दगड. पॅराशूटची निळी बाटली दह्याच्या बरण्यांशेजारी उभी करायची, अभ्यंगस्नानाच्या पहाटे तर हटकून, कारण दिवाळीत इथे बाहेर गारठा असतो आणि गार तेल अंगाला लावून घ्यायला लेक अजिबात तयार नसते.

मधावरून मात्र आईशी वाद झाला, अजून मिटलेला नाही. मध साखरतो म्हणजे त्यातल्या ग्लुकोजचे स्फटिक होतात, आणि चौदा-पंधरा अंशांच्या आसपास ते सगळ्यात जोरात होतात, म्हणजे आमच्या पॅन्ट्रीत. ४० अंशांच्या पाण्यात बरणी काही तास ठेवली की पुन्हा पातळ. आई म्हणते मध तापवायचा नाही म्हणजे नाही, विष होतं. मी म्हणते की आई मे महिन्यात विदर्भातल्या पोळ्यावर ऊन किती असतं गं, तिथला मध चाळिशी बघतोच. तिचं म्हणणं ते ऊन वेगळं. आता जास्त तापवलं की मधात एचएमएफ नावाचा पदार्थ वाढतो आणि सुवास उडतो हे खरंच आहे, त्यामुळे उकळत्या पाण्यात बरणी बुडवायला माझाही विरोध आहे. पण ४० म्हणजे अंगात ताप असलेल्या माणसाएवढंच ना. जाऊ दे. ती इथे असली की मी मध साखरलेलाच खाते.

आता रोल. रॉचेस्टर म्हणजे कोडॅकचं गाव. १९८० च्या दशकात इथे कोडॅकमध्ये साठ हजार लोक कामाला होते, २०१२ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, पण फिल्म अजून इथेच बनते, आणि ज्या इमारतीत फिल्मवर थर चढवतात तिचा नंबर ३८. हा नंबर लक्षात ठेवा. आमच्या शेजारचे आजोबा कोडॅकमधून रिटायर झालेले, त्यांनी लेकीला त्यांचा जुना कॅमेरा दिला आणि दोन रोल दिले आणि आमचं घर कामाला लागलं.

रंगीत निगेटिव्ह धुवायची जी प्रोसेस आहे ती सी-४१, कोडॅकनेच १९७२ मध्ये आणलेली. त्यात डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं केमिकल, ३७.८ अंशांवर पाहिजे, म्हणजे बरोब्बर १०० फॅरनहाइट, सगळे सोयीसाठी ३८ म्हणतात. वेळ तीन मिनिटं पंधरा सेकंद. कोडॅकच्या कागदावर तापमानातली चूक किती चालते? ०.१५ अंश. मी ते वाचलं आणि मला आमची लॅब आठवली, ही तर त्या कोलिफॉर्मच्या नळ्यांपेक्षा नखरेल निघाली. कारण असं की फिल्मवर एकावर एक थर असतात, निळ्या, हिरव्या आणि लाल उजेडाचे, आणि डेव्हलपरला वरून खाली मुरत जायचं असतं. तापमान हललं की थरांचं एकमेकांशी असलेलं गणित बिघडतं, आणि मग सावल्या एका रंगाकडे झुकतात आणि उजेड दुसऱ्याकडे, जे नंतर कॉम्प्युटरवरही नीट निस्तरत नाही. घरी करणारे ०.१५ पर्यंत जात नाहीत हे उघड आहे, पण सिंकमध्ये गरम पाणी ओतत बसलेल्या माणसापेक्षा हे मशीन फार पुढे आहे. सिनेस्टिल नावाची फिल्मवाली कंपनी तर फोटोवाल्यांसाठी म्हणून असंच मशीन विकते, दांडा तोच, फक्त आत फिल्मच्या प्रोसेसचे आकडे भरून ठेवलेले.

लेक बाथरूमचं दार लावून, काळ्या पिशवीत हात घालून आंधळेपणाने रोल चक्रीवर चढवते, टँकचं झाकण लागलं की दिवा चालू. मग टब, त्यात डेव्हलपरची आणि ब्लिक्सची (त्यानंतरचं, चित्र पक्कं करणारं केमिकल) तपकिरी बाटली आणि टँक, सगळे ३८ अंशांच्या पाण्यात अर्धा तास डुंबत. बाटली काठोकाठ भरलेली नसेल तर ती तरंगते, म्हणून मानेला वजन बांधलंय. तिथून पुढे ती कोणाशी बोलत नाही. ओतलं, घड्याळ चालू, दर अर्ध्या मिनिटाला टँक उलटा-सुलटा, खालून ओट्यावर एक टकटक म्हणजे बुडबुडे सुटतील, आणि लगेच पुन्हा पाण्यात. मशीन त्या सव्वातीन मिनिटांत काय करत असतं तर नुसतं गुणगुणत असतं. पहिला रोल बाहेर आला तो नारिंगी, ओला, शॉवरच्या दांडीला चिमट्याने लटकवलेला, आणि आम्ही तिघं त्याच्याखाली माना वर करून. पुढच्या अंगणाचा फोटो होता. निगेटिव्हमध्ये सगळा बर्फ काळाकुट्ट. आजोबांना बोलावलं, त्यांनी चष्मा वर करून एक एक फ्रेम बघितली आणि फक्त एवढंच विचारलं, "टेम्परेचर कशाने धरलं?"

एक गोष्ट मात्र कडक. फिल्मचं मशीन आणि दह्याचं मशीन एक असून चालणार नाही. ती केमिकलं पाण्यात सांडतात, पंख्याच्या आत जातात, ती धुऊन काढू म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत. त्यामुळे घरात आता दोन दांडे आहेत, फिल्मच्या दांड्याला लाल टेप, त्याचा टब वेगळा, मुक्काम बेसमेंटला, आणि त्याने किचनचा जिना चढायचा नाही.

धोक्याचं सांगूनच टाकते, कारण आपण बादलीतल्या रॉडवर वाढलेली माणसं. रॉडला डोकं नसतं, पाणी उकळलं तरी तो थांबत नाही, पाणी संपलं तरी थांबत नाही, आणि बटण चालू असताना कोणीतरी बोट घालून बघतंच. ह्या मशीनला पाणी खाली गेलं की बंद पडायची सोय असते, इथल्या किचनच्या प्लगला गळतीचा करंट तोडणारं जीएफसीआय असतं, तरीसुद्धा ते विजेवर चालणारं पाण्यातलं यंत्र आहे. इंटरनेटवर बाथटबला लावणारे महाभाग आहेत. टबमध्ये माणूस असताना हे लावायचं नाही, पाय शेकायलाही नाही, पाणी गरम करा, प्लग काढा, दांडा बाहेर, मग पाय आत. दुसरं म्हणजे कोमट पाणी जसं दह्याच्या जंतूंना आवडतं तसं बाकीच्यांनाही आवडतं. दही वाचतं ते आंबट होतं म्हणून. वरण, भात, भाजी ३७ अंशांना ठेवून रात्रभर झोपू नका, ६० च्या वर ठेवा नाहीतर फ्रीजमध्ये. आणि तेलात बुडवलेला लसूण मंद गरम करून मस्त फ्लेवरचं तेल बनवायचं आणि ते ओट्यावर ठेवून द्यायचं ही आयडिया कोणी दिली तर त्या माणसाला बोटुलिझम ही जीवघेणी विषबाधा गुगल करायला सांगा.

भारतात न्यायचं म्हणाल तर इथलं मशीन १२० व्होल्टवालं असतं, तिकडे सरळ प्लगला लावलं की गेलं, आणि हजार वॉटचा ट्रान्सफॉर्मर सामानात न्यायचा म्हणजे त्यापेक्षा २३० चं मॉडेल तिकडेच बघावं. पण पुण्यात ते कोणाला लागेल असं मला खरंच वाटत नाही, महाबळेश्वरला वगैरे राहत असाल तर गोष्ट वेगळी. काळजी म्हणाल तर फक्त क्षारांची. कॉइलवर पांढरा थर दिसला की पाण्यात व्हिनेगर ओतून साठेक अंशांवर अर्धा तास फिरवायचं, घरभर लोणच्याचा वास, बास.

नवऱ्याचं सध्या बिअरवर लक्ष आहे. मोड आणून वाळवलेलं, भरडलेलं जव पाण्यात ६६ अंशांना तासभर धरून ठेवलं की त्यातल्या स्टार्चची साखर होते, दोन अंश वर गेलं की बिअर जड, खाली आलं की कोरडी, असं तो मला जेवताना सांगत असतो आणि सांगता सांगता ओट्याकडे बघत असतो. धान्यात थेट घातलं तर पंखा चोंदतो, म्हणून भांड्यात भांडं ठेवायची स्कीमसुद्धा त्याने काढून ठेवलीय. मी सांगितलंय, खुशाल कर, पण तिसरं घे.